एका प्रश्नाचीं एकवीस वर्षें

विद्वानांच्या ग्रंथांत उत्तरें पुष्कळ सांपडतात; "हें आम्हांस ठाऊक नाहीं" असें सरळ वाक्य मात्र क्वचितच आढळतें. १९५५ सालीं ज्यां-पिएर सेर या फ्रेंच गणितज्ञानें आपल्या एका दीर्घ निबंधांत अशी कबुली दिली, आणि तिनें पुढें एकवीस वर्षें बीजगणितज्ञांस स्वस्थ बसूं दिलें नाहीं. तिचा इतिहास आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

आरंभ पूर्णांकांपासून करूं. ५ आणि ७ यांस १ वांचून समाईक विभाजक नाहीं. त्यांची एक ओळ मांडून तिच्याखालीं २ आणि ३ ही दुसरी ओळ लिहिली, कीं एक चौकट, म्हणजेच मॅट्रिक्स, तयार होते. पांच त्रिक पंधरा; त्यांतून सात दुणे चौदा वजा केले, म्हणजे बाकी एक. या बाकीस निश्चयक म्हणतात. तो १ असला, कीं त्या चौकटीनें केलेलें गणित अपूर्णांकांचा आश्रय न घेतां परत फिरवितां येतें. समाईक विभाजक नसलेली पूर्णांकांची ओळ कितीहि लांब असो, ती अशी पुरी करतां येते, हें एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक आहे.

आतां संख्यांच्या जागीं अनेक चलांच्या बहुपदी घ्याव्या. ओळींतील प्रत्येक पदास योग्य बहुपदीनें गुणून बेरीज १ आणतां येत असेल, तर तीहि ओळ पुरी करतां येईल काय? सेर यांचे शब्द निराळे होते, पण प्रश्नाचें मर्म हेंच. दोन पदांची ओळ सहज पुरी होते; अडचण तीन पदांपासून सुरू होते.

ही अडचण काल्पनिक नव्हे. गोलाच्या पृष्ठभागावरील बिंदूचे तीन निर्देशक एका ओळींत मांडले, तर ती ओळ गोलावरील बहुपदींच्या राज्यांत कधींच पुरी होत नाहीं. कारण मोठें मौजेचें आहे. केसांनीं भरलेला चेंडू कसाहि विंचरला, तरी मुलाच्या टाळूवर असतो तसा एक तरी भोंवरा त्यावर राहतोच! सपाट अवकाशांत असा भोंवरा टाळतां येतो. परंतु बहुपदींच्या कडक शिस्तींत राहून तो टाळतां येतो, हें सिद्ध कसें करावें?

१९५८ सालीं मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे सी. एस. शेषाद्रि यांनीं दोन चलांपुरतें होकारार्थी उत्तर दिलें. १९७१ सालीं त्याच संस्थेचे श्रीधरन् यांनीं ओहांगुरेन यांच्यासह निराळेंच दाखविलें: ज्यांच्या गुणाकाराचा क्रम बदलल्यास उत्तर बदलतें, असे सहगुणक घेतले, तर दोन चलांतच सेर यांच्या प्रश्नाचें उत्तर नकारार्थी येतें. शेवटीं १९७६ सालीं अमेरिकेंत डॅनियल क्विलेन आणि लेनिनग्राड येथें आंद्रेई सुस्लिन यांनीं, परस्परांपासून स्वतंत्रपणें, नेहमींच्या सहगुणकांसाठीं व कितीहि चलांसाठीं "होय" असें सिद्ध केलें.

या प्रश्नास लोक "सेर यांचें अनुमान" म्हणूं लागले. वस्तुतः त्यांनीं भाकीत केलें नव्हतें. ज्ञानाची सीमा कोठें संपते, एवढेंच नोंदविलें होतें. भाकीत खरें ठरतें किंवा खोटें. नोंदविलेल्या अज्ञानास मात्र होकार व नकार दोन्ही सारखेच उपकारक होतात. म्हणूनच या इतिहासांत शेषाद्रींच्या होकाराइतकेंच श्रीधरन् यांच्या नकारासहि मोल आहे. आमच्या परीक्षांत "ठाऊक नाहीं" या उत्तरास शून्य गुण मिळतात. तें नेमकें कोठपासून ठाऊक नाहीं, हें सांगणाऱ्यास मात्र थोडे गुण अवश्य द्यावे, असें आम्हांस वाटतें.