फर्मानाला न जुमानणारा पाडवा

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

चीनमध्ये १ जानेवारी १९१२ रोजी प्रजासत्ताक स्थापन झाले आणि नव्या सरकारने लगोलग जुने चांद्र पंचांग बाजूला सारून इंग्रजी कालगणना स्वीकारली. नवे वर्ष आता १ जानेवारीला, असे ठरले. सरकारी कचेऱ्यांनी ते मानले. लोकांनी मात्र जुन्या पंचांगाचाच पाडवा साजरा केला.

मी ‘पाडवा’ म्हणतो, कारण शब्द चपखल बसतो. आपल्याप्रमाणेच त्यांचेही महिने चंद्रावर चालतात आणि सूर्याशी मेळ घालण्यासाठी अधूनमधून अधिक महिना धरावा लागतो. २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी या दरम्यानच्या अमावस्येला त्यांचे वर्ष सुरू होते. बहुतेक वर्षी आपला माघ लागतो त्याच सुमारास.

१९१४ मध्ये युआन शिकाईच्या राजवटीत या सणाचे नाव ‘वसंतोत्सव’ असे ठेवले गेले. ‘नववर्ष’ हा मान १ जानेवारीकडेच राहावा, हा त्यातला हेतू. १९३० च्या सुमारास नानजिंगच्या राष्ट्रवादी सरकारने जुना पाडवा पाळण्यावर बंदीच घातली. लोकांनी दाद दिली नाही आणि काही वर्षांत सरकार नरमले. १९४९ नंतर साम्यवादी राजवटीने सणाला तीन दिवसांची सुट्टी दिली खरी, पण सांस्कृतिक क्रांतीच्या काळात, १९६७ मध्ये, तीही रद्द झाली. परत मिळाली ती १९८० मध्ये. आणि डिसेंबर २०२४ मध्ये तर युनेस्कोने याच सणाला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले!

एवढ्या फर्मानांतून हा सण टिकला कसा? मला वाटते, त्याचे ठाणे दरबारात नव्हतेच, ते स्वयंपाकघरात होते. आणि तिथे प्रत्येक प्रांताची रीत निराळी.

छिनलिंग पर्वत आणि ह्वाय नदी यांची रेषा ढोबळमानाने चीनचे दोन भाग करते. उत्तरेला गहू, दक्षिणेला तांदूळ. उत्तरेत वर्षाच्या अखेरच्या रात्री सारे घर ‘च्याओझ’ भरायला बसते. गव्हाच्या पारीत मांस आणि कोबीचे सारण घालून ती मुडपायची आणि उकळत्या पाण्यात सोडायची. दिसायला आपल्या करंजीची धाकटी बहीण. त्यांना मात्र त्यात जुन्या काळची चांदीची लगड दिसते. एखादीत नाणे लपवतात. ते ज्याच्या दाताखाली येईल, त्याचे वर्ष बरकतीचे. दक्षिणेत चिकट तांदळाचा ‘निएनगाव’ हवा. त्याच्या उच्चारातून ‘वर्षागणिक उंच’ असाही अर्थ निघतो. मासा सगळीकडे असतो, पण तो संपवायचा नाही. माशाला ‘यू’ म्हणतात आणि शिल्लक राहण्यालाही ‘यू’! क्वांगतुंगमध्ये तिसऱ्या दिवशी कोणाकडे जायचे नाही, गेल्यास भांडण होते, असा समज. सतत दोन दिवस पाहुणे झेलल्यावर हा नियम कोणाला सुचला असेल, याचा अंदाज गृहिणींना सहज येईल.

बंदीने जे साधले नाही, ते थोडेफार दूरचित्रवाणीने साधले. १९८३ पासून सरकारी वाहिनीवर अखेरच्या रात्री मोठा करमणुकीचा कार्यक्रम होतो. तो पाहत पाहत उत्तरेचे च्याओझ साऱ्या देशाचे होऊ लागले. नभोवाणीवरून दूरचित्रवाणीला नावे ठेवणे शोभत नाही, म्हणून इथेच थांबतो.

गावाकडची रीत घट्ट धरली ती गाव सोडलेल्यांनी. फूच्येन प्रांतातले होक्केन लोक मलेशियात पेनांगला स्थिरावले. त्यांचा खरा पाडवा नवव्या दिवशी. आठवा दिवस सरून मध्यरात्र झाली की स्वर्गाच्या अधिपतीची पूजा मांडतात आणि तिला अख्खे ऊस बांधतात. कथा अशी की, शत्रू चालून आल्यावर पूर्वज उसाच्या फडात लपून वाचले आणि नवव्या दिवशी बाहेर आले. दप्तरात याचा पुरावा कोणी शोधू नये. होक्केन बोलीत ऊस आणि आभार हे शब्द जवळजवळ सारखे ऐकू येतात, एवढे त्यांना पुरेसे आहे.

आपल्याकडे काय झाले? कोलकात्याजवळ हुगळीच्या काठी अचिपूर आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वॉरन हेस्टिंग्जने अच्यू नावाच्या चिनी माणसाला तेथे जमीन दिली. त्याने साखरेचा कारखाना काढला. गावाला नाव त्याचेच. कातडी कमावणारे हक्का, सुतारकामातले कँटनी, दात बसवणारे हूबेचे लोक, अशा कोलकात्याच्या साऱ्या चिन्यांनी नववर्षाच्या दिवसांत अच्यूच्या लाल समाधीला जाण्याची प्रथा पाडली. जवळच्या देवळातल्या भूमिदेव आणि त्याच्या पत्नीला स्थानिक लोक ‘खुदा-खुदी’ म्हणतात. ही रीत चीनच्या कोणत्याच प्रांतातली नव्हे. ती बंगालच्या मातीत उगवली.

१९६२ च्या युद्धानंतर सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या माणसांना राजस्थानात देवळीच्या छावणीत ठेवले गेले. काहींची वर्षे तिथे गेली. त्यांत याच देशात जन्मलेलेही होते. सुटल्यावर अनेकांनी कॅनडाची वाट धरली. वस्ती रोडावली, तरी नववर्षाला अचिपूरची वाट मोडली नाही.

मुंबईतही, माझगावात, १९१९ च्या सुमाराचे एक चिनी देऊळ आहे. ‘सी यूप कून’ हे त्याचे नाव. सी यूप म्हणजे क्वांगतुंगमधले चार तालुके. जहाजांवर काम करणाऱ्या तिथल्या माणसांनी देऊळ उभारले आणि पाटीवर चीनचे नव्हे, आपल्या चार तालुक्यांचे नाव लिहिले. नववर्षाला तेथे आजही उदबत्त्या लागतात.