दोघांचं एक माकड

नवराबायकोनं मिळून एखादं काम करावं, ही सूचना ज्यानं पहिल्यांदा केली तो गृहस्थ बहुधा अविवाहित असावा. आमच्याकडे साधी तसबीर टांगायची झाली तरी खिळा मी धरतो आणि 'जरा डावीकडे' असं ही म्हणते. ती डावी बाजू कोणाची, तिची, माझी की तसबिरीची, यात रविवार संपतो. बँकेत संयुक्त खातं उघडायला येणारी जोडपी तर माझ्या रोजच्या पाहण्यातली. सही कुठं करायची हे मी सांगायच्या आत नवऱ्यानं बायकोला सांगितलेलं असतं, आणि तो चुकीची जागा दाखवतोय हे बायकोनं मला सांगितलेलं असतं. अशा अनुभवी माणसाला कोणी म्हणालं, की एका जोडप्यानं पंचवीसेक वर्षं मिळून लहान मुलांची चित्रांची पुस्तकं केली, तर त्याच्या मनात पहिला प्रश्न काय येणार? संसार टिकला का?

टिकला. चांगला बेचाळीस वर्षं टिकला. आणि मधल्या काळात या दोघांच्या मागं हिटलर लागला होता, हे लक्षात घेतलं तर आमच्या तसबिरीचं काहीच वाटेनासं होतं.

गृहस्थांचं नाव हान्स आउगुस्टो रेयर्सबाख. जन्म १८९८, गाव हाम्बुर्ग. घराजवळ हागेनबेकचं प्रसिद्ध प्राणिसंग्रहालय, त्यामुळे पोराचा मुक्काम शाळेपेक्षा पिंजऱ्यांसमोर जास्त. बाईही हाम्बुर्गच्याच. मार्गरेट वाल्डश्टाइन, जन्म १९०६. हान्सरावांनी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते बाईंच्या वडिलांच्या घरी. तेव्हा ही मुलगी जिन्याच्या कठड्यावरून घसरत खाली आली होती. आपल्याकडे मुलगी पोह्यांची बशी घेऊन खाली मान घालून येते. कठड्यावरून आली असती तर किती स्थळं परतली असती, याचा हिशेब न केलेला बरा.

पहिलं महायुद्ध झालं, जर्मनीत पैशाला कागदाची किंमत आली, आणि १९२५ साली हान्सराव ब्राझीलला गेले. तिथं नातेवाइकाच्या पेढीत नोकरी. काम काय, तर ॲमेझॉन नदीच्या मुलखात हिंडून आंघोळीचे टब विकणं. दाराशी जगातली सर्वांत थोरली नदी वाहत असलेल्या माणसाला टब विकायचा! कर्जमंजुरीच्या कागदावर अशा धंद्यापुढं मी स्वतः लाल शाईनं फुली मारली असती.

मार्गरेटबाई तोवर जर्मनीत बाउहाउस या नामांकित कलाशाळेत शिकल्या होत्या, जाहिरातीच्या धंद्यात मुरल्या होत्या. दोघंही ज्यू. हिटलर आल्यावर तिथं राहण्यात अर्थ उरला नव्हता. १९३५ साली त्या रिओला पोचल्या, जुन्या ओळखीच्या हान्सरावांना गाठलं, त्यांचे टब सोडवले, दोघांची जाहिरातसंस्था काढली आणि त्याच वर्षी लग्नही केलं. रेयर्सबाख हे आडनाव ब्राझीलच्या लोकांच्या तोंडात बसेना, म्हणून ते कापून 'रे' केलं. आपल्याकडे 'रे' हे आडनाव कमी आणि हाक जास्त. पण ते असो. दोघांनी ब्राझीलचं नागरिकत्व घेतलं. ही सहीशिक्क्याची बाब पुढं किती मोलाची ठरणार आहे, हे तेव्हा त्यांनाही ठाऊक नसणार.

लग्नानंतर युरोपची सफर निघाली. सोबत पाळलेली दोन चिमुकली माकडं. बोटीवर थंडी, म्हणून बाईंनी माकडांसाठी स्वेटर विणले. तरीही ती जगली नाहीत.

पॅरिसला थोड्या दिवसांसाठी म्हणून माँमार्त्रमधल्या तेरास हॉटेलात उतरले आणि चार वर्षं राहिले. (पाहुणे मंडळींनी हे वाक्य मनावर घेऊ नये.) तिथं हान्सरावांनी काढलेली जिराफाची गमतीदार चित्रं गालीमार या प्रकाशकाच्या नजरेस पडली, आणि १९३९ साली एक जिराफ व नऊ माकडं यांचं पुस्तक निघालं. त्या नवांतलं एक माकड दोघांना सोडवेना. त्याचं नाव फिफी. त्याच्यासाठी वेगळं पुस्तक करायला घेतलं.

आता काम कसं चाले ते सांगतो, कारण खरी गंमत तिथं आहे. चित्रं हान्सरावांची, शब्दांवर हुकमत बाईंची. हे वाटप कागदावर ठीक. पण माकड झाडाला लोंबकळताना नक्की कसं दिसेल, हा प्रश्न आला की बाई स्वतः माकड होत. खोलीभर उड्या मारत, अंग वाकडं करून दाखवत आणि नवरा समोर बसून चित्र काढी. वर त्याच चित्रात खोट काढायला बाई मोकळ्या. जिभेला त्यांच्या धार होती, आणि ती घरच्या माणसावर आधी चाले. बी.कॉम.ला आम्हांला भागीदारीचा धडा होता. 'अ'चं भांडवल इतकं, 'ब'चं इतकं, नफा ३:२. या पेढीचा ताळेबंद मांडायला कोणी सांगितलं तर मी कोरा पेपर देईन. माकडाची रेघ नवऱ्याची, उडी बायकोची. आता ती उडी कोणाच्या खात्यात जमा करायची?

१९३९ च्या सप्टेंबरात युद्ध पेटलं. दोघं दक्षिण फ्रान्समध्ये एका जुन्या वाड्यात काम करत राहिली होती. जर्मन धाटणीचं बोलणं, दिवसभर खोलीत कोंडून घेणं. गावकऱ्यांना वाटलं, हेर! पोलीस झडतीला आले. कागद उलटले तर निघालं माकड. पुढचा कागद, पुन्हा माकड. पोलिसांनी कपाळाला हात लावला की हसले ते माहीत नाही, पण हेरांना सोडून दिलं.

मग १९४० चा जून. जर्मन फौजा पॅरिसच्या दारात, लाखो माणसं रस्त्यावर, गाड्या बंद. दोघांकडे मोटार नव्हती. हान्सराव सायकल शोधायला निघाले, तर शिल्लक फक्त एक जोडसायकल, पुढं एकानं आणि मागं दुसऱ्यानं बसायची. ती चालवून पाहिली आणि बाईंनी साफ नकार दिला. माझ्या मते या जोडप्याच्या इतिहासातला हा सर्वांत खरा क्षण. एका माकडात दोघं मावत होती, एका सायकलवर नाही! शेवटी हान्सरावांनी सुटे भाग विकत घेतले आणि स्वतःच्या हातानं दोन सायकली जोडल्या. टबविक्रीच्या अनुभवाचा यात उपयोग झाला असावा, असं मला उगाच वाटतं.

१२ जूनच्या पहाटे दोघं निघाली. सामान म्हणजे थंडीचे कोट, थोडं खाणं, हान्सरावांचा पाइप आणि टोपलीत पुस्तकांची हस्तलिखितं. घर सोडताना माणूस काय उचलतो, यावरून त्याची परीक्षा होते म्हणतात. आमच्याकडून बहुधा पासबुकं, दागिन्यांचा डबा आणि गॅसचं कार्ड निघेल. यांनी माकड घेतलं. १४ जूनला जर्मन पॅरिसमध्ये शिरले. अंतर दोन दिवसांचं. बँकेत साधा चेक वटायला याहून वेळ लागलेला मी पाहिलाय.

पुढचा प्रवास थोडक्यात: एताँपपर्यंत सायकली, एक रात्र शेतकऱ्याच्या घरी, एक गोठ्यात गाईंच्या शेजारी, मग ऑर्लेआँहून रेल्वे, स्पेन ओलांडून लिस्बन, बोटीनं रिओ आणि १४ ऑक्टोबर १९४० ला न्यूयॉर्क. वाटेतल्या प्रत्येक खिडकीवर ब्राझीलचे ते पासपोर्ट कामी आले. त्या दिवसांत योग्य शिक्का नसलेली किती माणसं त्याच सरहद्दीवरून मागं फिरली. खिडकीच्या आतल्या बाजूला बसणाऱ्या माझ्यासारख्याला हे वाचताना जरा अवघडल्यासारखं होतं.

१९४१ मध्ये बोस्टनच्या हॉटन मिफ्लिननं फिफीचं पुस्तक काढलं, पण त्याचं नाव बदलून 'जॉर्ज' केलं. तोच हा जगप्रसिद्ध 'क्युरिअस जॉर्ज', नसत्या चौकशा करणारा. इंग्लंडात तेव्हा गादीवर राजा जॉर्जच होते. माकडाला त्यांचं नाव कसं द्यायचं? म्हणून तिथं तो झाला 'झोझो'. पिवळ्या टोपीवाल्या गृहस्थानं माकडाला जंगलातून पोत्यात घालून आणावं, हे आज वाचताना खटकतं, मलाही खटकतं. पण पुढं ते माकड आगीच्या बंबवाल्यांना फोन लावतं, तुरुंगात पडतं, निसटतं, फुग्यांना धरून शहरावरून उडतं. पानापानावर पळणं आणि थोडक्यात वाचणं, आणि युद्धाचं अक्षर नाही. १९५२ च्या पुस्तकात तर जॉर्ज सायकल चालवतो. मजेत, पुढचं चाक हवेत उचलून.

आणि आता ते नावाचं. पहिल्या पुस्तकावर नाव आलं फक्त एच. ए. रे. मुलांच्या पुस्तकांच्या प्रांतात बायकाच फार झाल्यात, पुरुषाचं एकट्याचं नाव असलेलं बरं, असा प्रकाशकाकडचा विचार. बाईंनी तो मानला, आणि नंतर त्याचा पस्तावा त्यांनी लपवूनही ठेवला नाही. १९४४ साली 'प्रेट्झेल' या लांबुळक्या कुत्र्याच्या गोष्टीवर त्यांचं नाव लागलं, पण जॉर्जच्या गोष्टीवर लेखिका म्हणून यायला १९५८ उजाडलं. पतंगाची गोष्ट ती. म्हणजे सतरा वर्षं खोलीभर उड्या बाईंच्या आणि खातं एकट्या नवऱ्याच्या नावावर! यात हान्सरावांचा लोभ नसावा. माणूस मवाळ, मधल्या वेळात आकाशातल्या ताऱ्यांना सोप्या रेघांनी जोडून दाखवणारं पुस्तक लिहिणारा. पण पासबुकावर ज्याचं नाव नाही त्याला काउंटरवर कोणी विचारत नाही, हे मी नोकरीच्या अनुभवावरून सांगतो.

१९६६ पर्यंत जॉर्जची सात पुस्तकं झाली. शेवटच्यात तो इस्पितळात जातो. १९७७ च्या ऑगस्टमध्ये हान्सराव गेले. संयुक्त खात्याच्या फॉर्मवर 'दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील तो' असा एक पर्याय असतो. ग्राहक त्यावर न वाचताच खूण करतात. मार्गरेटबाई मागं राहिल्या आणि त्यांनी एकोणीस वर्षं हे खातं एकटीनं चालवलं. विद्यापीठात लेखन शिकवलं, जॉर्जच्या छोट्या फिल्म होऊ दिल्या, आणि माकडाला कोणी भलतं काही करायला लावलं की त्याची खरडपट्टी काढली. नव्वदाव्या वर्षी बोस्टनच्या सार्वजनिक वाचनालयाला दहा लाख डॉलर दिले आणि त्याच वर्षी, १९९६ च्या डिसेंबरात, त्या गेल्या.

सातही गोष्टींचा एकत्र जाडजूड ग्रंथ मिळतो. त्याच्या मुखपृष्ठावर दोघांची नावं आहेत. बाईंचं आधी आहे.