शिवराळ शब्दाची साक्ष : ‘गोलपिठा’, रॅप आणि समीक्षा

शिवराळ शब्दाविषयीचे वाङ्मयीन वाद बहुधा दोनच भूमिकांतून लढले गेले आहेत. आरोप करणारा रचनेला अश्लील ठरवतो. बचाव करणारा ‘हे वास्तव आहे’ असे सांगतो. या भूमिका परस्परविरोधी वाटल्या, तरी रचनेतील ‘मी’ म्हणजे रचनाकारच, हे गृहीतक दोहोंना समान आहे.

नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेने पांढरपेशा वाचकाला कामाठीपुऱ्याच्या परिसरातील त्या अपरिचित जगाच्या उंबरठ्यावर आणून सोडले. अभिरुचीच्या नावाने नाके मुरडली गेली, तसे उत्कट स्वागतही झाले. परंतु स्वागत करणाऱ्यांनीही पुष्कळदा या कवितेला अनुभवाचा दस्तऐवज मानले. वास्तविक ‘मंदाकिनी पाटील’ या कवितेच्या शीर्षकातच तिला ‘कोलाज’ म्हटले आहे. कोलाज म्हणजे जुळवणी. आणि जुळवणी करणारा हात तेथे लपवलेला नाही.

हाच पेच अमेरिकेत गँगस्टा रॅपच्या संदर्भात उभा राहिला. एन.डब्ल्यू.ए. या गटाचा ‘स्ट्रेट आउटा कॉम्प्टन’ हा अल्बम १९८८ मध्ये आला. त्यातील पोलिसविरोधी गाण्यावरून पुढल्याच वर्षी एफबीआयच्या अधिकाऱ्याने ध्वनिमुद्रण कंपनीला निषेधाचे पत्र धाडले. गायकांचा बचाव वास्तवाचाच होता. १९९० मध्ये मायामीच्या टू लाइव्ह क्रू या गटाचा अल्बम फ्लोरिडातील संघीय न्यायालयाने अश्लील ठरवला. हा निर्णय १९९२ मध्ये अपिलात रद्द झाला. दरम्यान, याच गटाच्या कार्यक्रमावरून चाललेल्या खटल्यात समीक्षक हेन्री लुई गेट्स यांनी साक्ष दिली. या गीतांतील अतिशयोक्ती आणि विडंबन कृष्णवर्णीयांच्या मौखिक परंपरेतून आले आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

कोल्हापूर परिसरातील वाचकाला हे प्रतिपादन परके वाटू नये. कलगी-तुऱ्याच्या फडात प्रतिपक्षाचा पाणउतारा हा रचनेचा संकेत असतो. त्यावरून कोणी वैर धरत नाही. संकेत विसरला की शाहीर आरोपी होतो. २०२३ च्या एप्रिलमध्ये राजकीय आशयाच्या गाण्यांवरून राज मुंगसे आणि उमेश खाडे या मराठी रॅपकारांवर गुन्हे नोंदवले गेले, तेव्हा शब्दांचे पोलिसी वाचन किती सहज घडते, हे पुन्हा दिसले.

तथापि, संकेताची ढाल पुढे केल्याने समीक्षेची जबाबदारी संपत नाही. किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९९१ मध्ये टू लाइव्ह क्रूवरील खटल्यामागचा वर्णभेद दाखवला. त्याच वेळी त्या गीतांतील स्त्रीद्वेष विनोदाच्या नावाखाली माफ करण्यासही नकार दिला. परंपरेत शिवीला जागा आहे, एवढ्याने ती शिवी जिच्या वाट्याला येते तिचा प्रश्न मिटत नाही. लावणीपासून रॅपपर्यंत हा प्रश्न मराठीतही विचारावयास हवा.

‘वास्तव’ या एका शब्दाने रचनेचा बचाव करणे म्हणजे कवीकडून त्याचे कवीपण काढून घेणे होय. कोण बोलतो, कोणास उद्देशून बोलतो आणि कोणाच्या देहाच्या मोलाने बोलतो, हे तिन्ही प्रश्न एकत्र विचारल्यावरच शिवराळ शब्दाचे मूल्यमापन सुरू होते. त्यातील शेवटचा प्रश्न आपल्या समीक्षेने फार काळ टाळला आहे.