१११ ची पावती आणि देवळालीचे मास्तर

पोलोग्राउंडच्या कारखान्यांत वर्गणीला फिरताना आम्हाला पावत्या बहुधा १११ नाहीतर ११११ च्याच फाडाव्या लागतात. वर एक हवाच, ही आपली जुनी रीत. यंदा हिशेब जुळवताना आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षकांनी १११ ला १११ नेच गुणायला सांगितले. उत्तर आले १२३२१. ११११ चा वर्ग १२३४३२१. आणि नऊ वेळा एक लिहून वर्ग केला तर १२३४५६७८९८७६५४३२१!

सतरा अंकी संख्या. 'लीलावती'त भास्कराचार्यांनी दिलेल्या स्थानांच्या नावांप्रमाणे तिचा पहिला अंक 'मध्य' स्थानी येतो, परार्धाच्या एकच पायरी खाली. गुणाकार पाटीवर मांडला की रहस्य उलगडते. एकांच्या ओळी एकेक घर डावीकडे सरकतात, उभ्या बेरजा नऊपर्यंत चढून पुन्हा उतरतात, हातचा कुठेच येत नाही.

या संख्यांना 'डेम्लो संख्या' हे नाव दिले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी. कल्पना सुचली ती जी.आय.पी. रेल्वेच्या डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली, स्टेशनावर. म्हणून तेच नाव. मधला ९ बाजूला ठेवून दोन्हीकडचे भाग मिळवा: १२३४५६७८ अधिक ८७६५४३२१, बेरीज ९९९९९९९९. सगळ्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने या संख्येला नि:शेष भाग जातो. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनी 'हर्षद' म्हटले, आनंद देणाऱ्या.

जन्म डहाणूचा, १९०५ चा. फर्ग्युसनमध्ये शिकताना १९२७ साली रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. पुढे १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत मास्तरकी. पदव्युत्तर शिक्षण नाही. आपल्याकडच्या अनेक गणितज्ञांनी त्यांचे काम पोरखेळ म्हणून बाजूला सारले. पुस्तिका बहुतेक स्वतःच छापायच्या. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना, म्हणून शिकवण्या. अखेर १९७५ मध्ये अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या सदरात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगाला ते कळले. तोवर मास्तरांनी सत्तरी गाठली होती. आपल्या माणसाची ओळख पटायला सातासमुद्रापलीकडची चिठ्ठी लागावी, हे आम्हाला आजही बोचते. टीकाकारांची बाजू अगदीच खोटी नव्हती. या नक्षीतले बरेच काही आपल्या दशमान लेखनातून येते, संख्येच्या गाभ्यातून नव्हे. पण पाटीवरची बेरीज इतक्या बारकाईने पाहणारे किती होते?

१९८६ मध्ये ते गेले. त्यांचा ६१७४ हा अंक आता जगभर 'कापरेकर स्थिरांक' म्हणून ओळखला जातो.

दहा एकांचा वर्ग केला की मात्र हातचा येतो आणि नक्षी मोडते. नेमकी कुठे, ते मुलांनी मंडपात मांडून पाहावे. पाटी-पेन्सिल पावतीच्या टेबलावर ठेवली आहे.