प्रकाशानें जलशुद्धि
शेतांत फवारलेलें औषध शेतांतच राहतें, ही समजूत उत्तर इटलीच्या विहिरींनीं खोटी ठरविली. पो नदीच्या खोऱ्यांत मक्यासाठीं वर्षानुवर्षें वापरलेलें अ‍ॅट्राझिन हें तणनाशक झिरपून भूजलांत उतरलें. युरोपीय समूहानें १९८० सालीं पिण्याच्या पाण्यांत अशा कोणत्याहि एका औषधाची मर्यादा लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम ठरविली होती. ती कित्येक विहिरींनीं ओलांडली.

शुद्धीचा एक मार्ग निराळ्याच शोधांतून निघाला. १९७२ सालीं जपानांतील फुजिशिमा व होंडा यांनीं टिटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पाडून पाण्याचें विघटन केल्याचें प्रसिद्ध केलें. भिंतींच्या पांढऱ्या रंगांत घालतात, तेंच हें द्रव्य. अतिनील किरण पडतांच त्यांतील इलेक्ट्रॉन जागा सोडतो. त्या रिकाम्या जागेमुळें पाण्यापासून हायड्रॉक्सिल मूलक बनतो, आणि तो सेंद्रिय पदार्थाचे तुकडे करतो. भुकटी मात्र खर्ची पडत नाहीं.

१९९० सालीं तूरिनच्या पेलिझेट्टी व सहकाऱ्यांनीं अ‍ॅट्राझिनवरील असे प्रयोग प्रसिद्ध केले. अ‍ॅट्राझिन नाहींसें झालें; परंतु त्याच्या गाभ्यांतील तीन कार्बन व तीन नायट्रोजन अणूंचें कडें अभंग राहून सायन्यूरिक आम्लाच्या रूपानें पाण्यांत उरलें. हें आम्ल मूळ औषधाहून पुष्कळच सौम्य. तरीहि दिसेनासें होणें म्हणजे समूळ नाश नव्हे, हें त्या प्रयोगांनीं दाखविलें.

२००४ सालीं युरोपीय संघानें अ‍ॅट्राझिनला परवानगी नाकारली. विहीर शुद्ध करीत बसण्यापेक्षां तिच्यांत विष जाऊं न देणें बरें, हा विचार अखेर कायद्यांत उतरला.