‘पहिली’ म्हणजे नक्की कोणती? : अमेरिकेतल्या लॅटिनो विद्यार्थी संघटना आणि संशोधनातला एक निसरडा शब्द

माझ्या पीएच.डी.च्या सिनॉप्सिसमध्ये मी मोठ्या हौसेने एक वाक्य लिहिलं होतं : ‘या विषयावरील हा पहिलाच अभ्यास आहे.’ सादरीकरणाच्या वेळी समितीतल्या मॅडमनी शांतपणे विचारलं, ‘पहिला म्हणजे? कुठे पहिला? कोणत्या व्याख्येने?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. वाक्य त्याच रात्री काढून टाकलं.

पुढे अमेरिकेतल्या विद्यार्थी संघटनांविषयी वाचताना मॅडमचा तोच प्रश्न पुन्हा समोर आला. तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल, तर हा इतिहास तुमच्याही कामाचा आहे. विषय इतिहासाचा नसला तरीही.

आधी थोडी ओळख करून घेऊ. अमेरिकन कॉलेजांत ग्रीक अक्षरांची नावं घेतलेल्या सभासद-संघटना असतात. मुलांच्या संघटनेला फ्रॅटर्निटी म्हणतात, मुलींच्या संघटनेला सोरोरिटी. एकत्र राहणं, दीक्षाविधी, समाजसेवा आणि आयुष्यभर टिकणाऱ्या ओळखी, असं त्यांचं साधारण स्वरूप. मात्र अनेक जुन्या फ्रॅटर्निटींच्या नियमांत गोऱ्या ख्रिश्चनांनाच प्रवेश असल्याचं विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लेखी नमूद होतं. म्हणून वगळल्या गेलेल्यांनी आपापल्या संघटना काढल्या. कॉर्नेल विद्यापीठात १९०६ साली कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी स्थापन केलेली अल्फा फाय अल्फा हे त्याचं ठळक उदाहरण.

आता प्रश्न असा : पहिली लॅटिनो फ्रॅटर्निटी कोणती?

एक उत्तर आहे फाय आयोटा अल्फा. तिची स्थापना २६ डिसेंबर १९३१ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावी, रेन्सलिअर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटमध्ये झाली. पण ही संघटना आपली मुळं १८९८ पर्यंत मागे नेते. त्या वर्षी याच संस्थेत ‘युनिऑन हिस्पानो अमेरिकाना’ नावाची विद्यार्थी संघटना सुरू झाली होती. इकडे लुइझियाना राज्य विद्यापीठात १९०४ साली अशीच एक सोसायटी निघाली आणि १९१२ मध्ये तिने सिग्मा आयोटा हे ग्रीक नाव घेतलं. या दोन्ही धारा पुढे विलीनीकरणातून १९३१ च्या संघटनेत आल्या.

दुसरं उत्तर आहे लॅम्डा थीटा फाय. ही १ डिसेंबर १९७५ रोजी न्यू जर्सीतल्या कीन कॉलेजमध्ये स्थापन झाली. हिच्याही नावापुढे ‘पहिली लॅटिनो फ्रॅटर्निटी’ असं लिहिलेलं आढळतं.

म्हणजे १८९८, १९१२, १९३१ आणि १९७५. एकाच प्रश्नाला चार वर्षं! माझी पहिली प्रतिक्रिया होती, ‘कोणीतरी चुकतंय.’ विज्ञान शिकलेल्या माणसाची ही सवयच असते. मोजमापं जुळली नाहीत की आपण उपकरणाला दोष देतो. इथे उपकरण ठीक होतं. आपण वेगवेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली मोजत होतो.

सुरुवातीच्या संघटनांतले विद्यार्थी बहुतांशी लॅटिन अमेरिकेतल्या देशांतून शिकायला आलेले होते. घरची परिस्थिती चांगली, शिक्षण इंजिनिअरिंगसारखं, आणि पदवीनंतर मायदेशी परतायचा विचार. त्यांच्या बोलण्यात लॅटिन अमेरिकेच्या एकजुटीचं स्वप्न होतं. सिमॉन बोलिव्हार आणि होसे मार्ती ही त्यांची श्रद्धास्थानं.

१९७५ पर्यंत चित्र पालटलं होतं. पोर्तो रिकोच्या लोकांना १९१७ मध्येच अमेरिकन नागरिकत्व मिळालं होतं आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांची मोठी वस्ती न्यूयॉर्क परिसरात झाली. १९५९ च्या क्रांतीनंतर क्युबातून आलेली अनेक कुटुंबं न्यू जर्सीत स्थिरावली. १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमध्ये कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन विद्यार्थ्यांनी प्रवेशाच्या हक्कासाठी कॅम्पसचा ताबा घेतला. कॉलेजात येणारी ही नवी मुलं कष्टकरी वस्त्यांतली होती आणि त्यांना परत कुठे जायचं नव्हतं. अमेरिका हाच त्यांचा देश होता. परदेशी विद्यार्थ्याचा एकटेपणा आणि स्वतःच्याच देशात परकं वाटणं, या दोन अनुभवांत फार अंतर आहे. जुनी फाय आयोटा अल्फा १९७० च्या दशकात जवळजवळ थंडावली आणि १९८४ मध्ये रेन्सलिअरमध्येच पुन्हा उभी राहिली. आता तिच्यासमोरही हीच नवी पिढी होती.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. वर सांगितलेल्या सगळ्या संघटना मुलांच्या. पहिली लॅटिना सोरोरिटी, लॅम्डा थीटा अल्फा, १९७५ च्या डिसेंबरमध्ये त्याच कीन कॉलेजमध्ये निघाली. म्हणजे ‘लॅटिनो ग्रीक संघटनांचा शंभर वर्षांहून जुना इतिहास’ असं आपण सहज लिहून जातो, तेव्हा तो अर्ध्या लोकांचा इतिहास असतो.

आता शिखर संघटनांकडे वळू. १९८० च्या दशकात टेक्सास, कॅलिफोर्निया, आयोवा, न्यूयॉर्क अशा ठिकाणी नव्या संघटना भराभर निघाल्या. प्रत्येकीचे नियम वेगळे, विद्यापीठाशी बोलणी वेगळी. समन्वयासाठी १९९१ मध्ये ‘कॉन्सिलिओ नासिओनाल दे एर्मानदादेस लातिनास’ ही परिषद झाली. १९९८ मध्ये नॅशनल असोसिएशन ऑफ लॅटिनो फ्रॅटर्नल ऑर्गनायझेशन्स, म्हणजे नाल्फो, स्थापन झाली. २००१ मध्ये जुनी परिषद नाल्फोत विलीन झाली.

इथे तुमच्यासारख्या नव्या संशोधकासाठी एक खड्डा आहे. लॅटिनो संघटनांचा अभ्यास करायचा ठरला की आपण काय करतो? नाल्फोची सदस्ययादी घेतो आणि तिचाच नमुना करतो. सोपं पडतं. पण शिखर संघटनेचं सदस्यत्व ऐच्छिक असतं. लॅम्डा थीटा फायने नाल्फो जन्मण्याच्या सहा वर्षं आधी, १९९२ मध्येच, मुलांच्या फ्रॅटर्निटींच्या सर्वसाधारण परिषदेत प्रवेश घेतला होता. रटगर्स विद्यापीठात १९८१ मध्ये निघालेल्या म्यू सिग्मा अप्सिलॉनने स्वतःला लॅटिना न म्हणता बहुसांस्कृतिक सोरोरिटी म्हटलं. तिच्यासारख्या संघटनांची वेगळी शिखर परिषदही १९९८ मध्येच झाली. यादी बनते ती संघटनांच्या निर्णयांतून. तिच्याबाहेर कोण राहिलं हे पाहिलं नाही, तर निष्कर्ष लॅटिनो विद्यार्थ्यांविषयी न राहता फक्त यादीविषयी उरतात.

शब्दाचंही तसंच. १८९८ च्या मुलांनी स्वतःला ‘हिस्पानो अमेरिकाना’ म्हटलं होतं. अमेरिकन जनगणनेच्या फॉर्मवर ‘लॅटिनो’ हा शब्द २००० साली आला. आजचा शब्द शंभर वर्षं मागे लावायला हरकत नाही, पण तसं करताना आपण ते सांगायला हवं.

मग ‘पहिली कोणती’ याचं उत्तर काय? मी असं लिहीन : लॅटिन अमेरिकेतून आलेल्या विद्यार्थ्यांची संघटित सुरुवात १८९८ पासून दिसते, आज चालू असलेली सर्वांत जुनी लॅटिनो फ्रॅटर्निटी १९३१ ची, आणि अमेरिकेतच वाढलेल्या लॅटिनो मुलामुलींनी केलेली सुरुवात १९७५ ची. वाक्य लांबलं, पण मॅडमच्या प्रश्नाला ते टिकेल.

आज एक करा. तुमचा सिनॉप्सिस उघडा आणि त्यात ‘पहिला’, ‘एकमेव’, ‘सर्व’ हे शब्द शोधा. प्रत्येकासमोर पेन्सिलीने लिहा : कुठे, कधीपासून, कोणत्या व्याख्येने, कोणत्या यादीवरून. जिथे लिहिता येणार नाही, तो शब्द काढा. समितीसमोर काढावा लागण्यापेक्षा घरी काढलेला बरा, हे मी अनुभवाने सांगते आहे.