सिटकॉममधली साडी आणि स्वयंपाकघराचं मागचं दार

‘जुन्या विनोदी मालिकांमधल्या स्त्रियांकडून काय शिकावं’ असा विषय घेऊन पीएचडीच्या तयारीला बसलं की पहिले काही दिवस फार मजेत जातात. जुने भाग बघायचे. साड्या, ब्लाउजच्या बाह्या, टिकल्या नोंदवायच्या. मग गाईड विचारतात, ‘‘बरं, पण प्रश्न काय आहे?’’ मी मूळची सायन्सची, त्यामुळे मला ते ‘तुमचा कंट्रोल कुठला?’ असं ऐकू येतं. म्हणजे तुलनेला समोर काय ठेवणार? माझ्या मते या विषयाचा कंट्रोल अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय अभिनेत्रींच्या इतिहासात सापडतो.

तिकडे १९५० मध्ये ‘ब्यूला’ टीव्हीवर आली. ब्यूला म्हणजे गोऱ्या कुटुंबातली कृष्णवर्णीय मोलकरीण. गंमत म्हणा की चीड, पण त्याआधी रेडिओवर सुरुवातीला तिचा आवाज एका गोऱ्या पुरुषाचा होता! १९६८ च्या ‘ज्युलिया’त डायहॅन कॅरल नर्स झाली. नवरा व्हिएतनाममध्ये मारला गेलेला, मुलगा लहान, कपडे एकदम फॅशनेबल. त्याच वर्षी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली होती. रस्त्यावरचा संघर्ष या सुंदर घरापर्यंत पोचतच नाही, अशी टीका तेव्हाच झाली.

माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची केस मात्र एस्थर रोल यांची. १९७२ मध्ये ‘मॉड’ या मालिकेत त्या फ्लोरिडा नावाच्या मोलकरणीच्या भूमिकेत आल्या. ही बाई इतकी गाजली की १९७४ मध्ये तिला स्वतःची मालिका मिळाली, ‘गुड टाइम्स’. शिकागोतली सरकारी वसाहत, तीन मुलं, सततची पैशांची ओढाताण. मूळ कल्पनेत घरात नवरा नव्हता. एस्थर अडून बसल्या: कृष्णवर्णीय घरात बाप असतो, तो दाखवा. दाखवावा लागला. पुढे मोठ्या मुलाचं पात्र नुसतं विदूषकी होत गेलं, तेव्हा १९७७ मध्ये त्यांनी मालिका सोडली आणि पुढच्या वर्षी परतल्या. आता कपड्यांच्या नोंदींकडे या. फ्लोरिडा ‘मॉड’मध्ये दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात उभी आहे आणि ‘गुड टाइम्स’मध्ये स्वतःच्या. तिच्या अंगावर काय आहे याचा अर्थ स्वयंपाकघर कोणाचं, यावर ठरतो.

१९७२ हे साल लक्षात ठेवा. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर स्थापन झाली, अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. (योगायोग आहे. यात कार्यकारणभाव शोधत बसू नका, व्हायवात अडकाल.) पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या टॉवरमुळे पुण्यातही चित्र दिसू लागलं.

आपल्या विनोदी मालिकांचा बहराचा काळ नव्वदीतला. भाषा हिंदी असली तरी त्यातली कितीतरी घरं मराठी कलाकारांनी चालवली. १९९४ मध्ये सुरू झालेली ‘तू तू मैं मैं’ घ्या. दिग्दर्शन सचिन पिळगावकरांचं, सासू रीमा लागू, सून सुप्रिया पिळगावकर. रीमा पुण्याच्या हुजूरपागेच्या विद्यार्थिनी, जन्म १९५८ चा. सुप्रियांचा १९६७ चा. म्हणजे सासू-सुनेत अंतर जेमतेम नऊ वर्षांचं! बाकीचं वय साडी, अंबाडा आणि आवाजाची पट्टी यांनी भरून काढलं. नोंदवहीत पात्राच्या वयाशेजारी अभिनेत्रीच्या वयाचा रकाना ठेवला तर असं बरंच हाती लागतं. ‘हम पाँच’ तर याच्या पुढे गेली. १९८५ च्या ‘रजनी’त दुकानदारापासून सरकारी कचेरीपर्यंत सगळ्यांना जाब विचारणाऱ्या प्रिया तेंडुलकर तिथे भिंतीवरच्या फ्रेममधली दिवंगत बायको होत्या. फोटोतूनही बोलत होत्या, हे आपलं नशीब.

इथवर छान चाललं. आता अमेरिकेतला प्रश्न इकडे लावा. ‘श्रीमान श्रीमती’तलं घर कुलकर्ण्यांचं, ‘हम पाँच’मधलं माथुरांचं, ‘देख भाई देख’मधलं दिवाणांचं. यातलं कुठलंच घर दलित कुटुंबाचं नाही. आपली फ्लोरिडा ‘गुड टाइम्स’पर्यंत पोचलीच नाही, आणि आपल्याला ते खटकलंही नाही. रंग कॅमेऱ्याला दिसतो. जात आडनावात असते, साडीच्या नेसणीत असते, त्यामुळे ती न दाखवताही दाखवता येते.

नेसणीचा मुद्दा मी ओढूनताणून आणत नाहीये. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेब आंबेडकर खास स्त्रियांशी बोलले. त्यात साडी कशी नेसायची आणि अंगावर कुठले दागिने घालायचे, हा थेट विषय होता. जात ओळखू येईल अशा खुणा टाकून द्या, हा त्याचा आशय, आणि बायकांनी तिथेच नेसण्याची पद्धत बदलली. ‘स्टाइल’ या शब्दाचा इतका गंभीर अर्थ मला तरी कुठल्या फॅशन मासिकात मिळालेला नाही.

मग पुरावा कुठे शोधायचा? मालिकांच्या बाहेर. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’साठी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना गाठून त्यांच्या मुलाखती घेतल्या, ती पद्धत आजही वापरता येते. नव्वदीत येरवड्यातून किंवा दांडेकर पुलाजवळच्या वस्तीतून कोथरूड-डेक्कनच्या घरांत कामाला जाणाऱ्या बायका आज साठी-सत्तरीच्या असतील. मालकिणीच्या हॉलमध्ये संध्याकाळी या मालिका चालू असत. प्रश्नावलीची सुरुवात ‘तुम्हाला कुठलं पात्र आवडायचं?’ अशी करू नका. आधी विचारा, टीव्ही चालू असताना तुम्ही कुठे असायचा, आणि बसायला मिळायचं का?